‘हा माझा आवाज नाय!’

‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ एवढं कानावर पडलं, की पुढची चार मिनिटं कशी जाणार हे परीक्षकाला कळून चुकतं. भाषण बाईंनी नाहीतर आईनं लिहिलेलं, हातवारे बसवून घेतलेले. त्याच मुलाला ढाल घेऊन खाली उतरल्यावर विचारा, ‘तुझ्या घरी कसं यायचं रे?’ तो चपलांकडे बघत राहतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचा वारसा आपण सांगतो. शाळेत मात्र बोलणं म्हणजे पाठांतर, अशी समजूत घट्ट बसली आहे.

यावर डिजिटल उपाय पुष्कळ निघाले. गूगलनं २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ हे अॅप आणलं, पुढच्या वर्षी ते ‘रीड अलाँग’ झालं. मूल मोठ्यानं वाचतं, शब्द अडला की पडद्यावरची दिया नावाची सोबतीण मदत करते. मराठी गोष्टीही त्यात आल्या. चांगलं आहे, पण ते वाचन झालं. मुलांनी छोटे व्हिडिओ करून एकमेकांना उत्तर द्यायचं ‘फ्लिपग्रिड’ मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये घेतलं आणि २०२४ मध्ये त्याचं स्वतंत्र अॅप बंदही केलं. शिक्षकांनी बसवलेली घडी एका कंपनीच्या निर्णयानं विस्कटते ती अशी.

म्हणून माझं सगळं प्रेम फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर. नेट नको, खातं नको.

साताऱ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीतल्या मुलीला तिचंच बोलणं ऐकवलं. ती ओरडलीच, ‘सर, हा माझा आवाज नाय!’ वर्ग हसला. मग प्रत्येकाचं तेच झालं. यामागचं कारण मुलांना फार आवडतं. आपण बोलतो तेव्हा आवाज हवेतून कानात येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही पोचतो आणि हाडांतून येताना त्यातला खर्ज वाढतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते, म्हणून आपलाच आवाज पातळ, परका वाटतो. जग मात्र आपल्याला तसंच ऐकत असतं! हे कळल्यावर मुलं लाजायची थांबतात आणि कान देऊन ऐकू लागतात.

शाळेत संगणक असेल तर ‘ऑडॅसिटी’ घालून घ्या. २००० सालापासून फुकट मिळणारं हे सॉफ्टवेअर आवाजाची लाट पडद्यावर दाखवतं. जोरात बोललं की लाट उंच, थांबलं की सपाट रेघ. मी एकाच मुलाचं पाठ केलेलं भाषण आणि ‘आमची शेळी हरवली तेव्हा’ ही त्यानं सांगितलेली हकिकत एकाखाली एक लावली. भाषणातल्या सपाट रेघा दम संपला तिथे, वाक्याच्या मधेच. शेळीच्या गोष्टीत त्या बरोबर जागेवर: ‘आणि मग...’ म्हणून तो थांबला होता, कारण पुढे लांडग्याचा माग दिसणार होता. विराम कुठे घ्यावा हे त्याला येतच होतं. भाषणात आपण मोठ्यांनी ते घालवलं होतं. या रेघांपुढे मी तासन्तास बसू शकतो. वक्त्याची पारख शब्दांपेक्षा विरामांवरून करावी, असं माझं ठाम मत आहे.

एक इशारा. रेकॉर्डिंग हाती आलं की मोठ्यांना ‘नाय’चं ‘नाही’ करायची घाई होते. तसं करू नका. मुलाला घरच्या बोलीत आधी मोकळं होऊ द्या. प्रमाण भाषेतलं दुसरं रेकॉर्डिंग नंतर करता येतं, आणि ते करताना मूल स्वतःच फरक टिपतं. माणदेशात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ चालतो. आपल्याकडची बोली रेडिओवरून येते हे मुलांच्या कानांवर पडलं पाहिजे.

या सुट्टीत एवढं करा. मुलाच्या हातात फोन द्या आणि आजीला किंवा शेजारच्या काकांना त्याचे स्वतःचे पाच प्रश्न विचारू द्या. प्रश्न तुम्ही लिहून देऊ नका. रेकॉर्डिंग दोघांनी मिळून ऐका, त्याला हवं तर पुन्हा करू द्या. आणि त्याला विचारल्याशिवाय ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुळीच टाकू नका.