छावणीतील शौचालय : केवळ खड्डा पुरेसा नाही

ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. कॉक्स बाजारजवळ कुतुपालोंगच्या टेकड्यांवर बांबू व ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि जागा सापडेल तिथे शौचालये घाईघाईने खणली गेली. अनेक खड्डे उथळ होते. ते लवकरच भरले. शेजारीच कमी खोलीचे हातपंप होते. मैला पाण्यात मिसळण्यास आणखी काय हवे?

मदतकार्यासाठीच्या ‘स्फिअर’ निकषांनुसार सुरुवातीस ५० माणसांमागे आणि पुढे २० माणसांमागे एक शौचालय असावे. ते घरापासून ५० मीटरच्या आत असावे. परंतु २० माणसे म्हणजे चार-पाच कुटुंबे. सफाई कोणी करायची, हा वाद आपल्याकडील चाळकऱ्यांना नवा नाही! म्हणूनच शक्य तिथे कुटुंबागणिक शौचालय, अन्यथा परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या कुटुंबांत एक आणि किल्ली त्यांच्याचकडे, अशी व्यवस्था श्रेयस्कर ठरते.

स्त्रियांची अडचण याहून गंभीर. वाटेवर दिवा नाही, दाराला आतून कडी नाही. त्यामुळे रात्री जावे लागू नये म्हणून कित्येकजणी पाणीच कमी पितात. अनेकींनी झोपडीतच कोपऱ्यात आडोसा करून न्हाणी केली. तिला फरशी आणि सांडपाण्याची नाली जोडून देणे हे तसे किरकोळ काम; पण ते न झाल्यास घोटाभर चिखलात संसार करावा लागतो.

भरलेले खड्डे उपसणे हा तर स्वतंत्र प्रश्न. टेकडीच्या अरुंद वाटांवर गाडी जात नाही. ‘ऑक्सफॅम’ने २०१९ मध्ये तेथे सुमारे दीड लाख लोकांच्या मैल्यावर प्रक्रिया करू शकणारे केंद्र उभारले, मात्र मैला तिथपर्यंत पोहोचवणे हेच जिकिरीचे.

शौचालय उत्तम असले तरी हातांवरचे जंतू घरात येतातच. १९९३ मध्ये मलावीतील एका छावणीत मोझांबिकच्या निर्वासितांवर झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विहिरीचे स्वच्छ पाणी घरातील उघड्या बादलीत हात बुडल्याने दूषित होत होते. काही कुटुंबांना झाकणाची, हात आत जाणार नाही अशी चोचीची बादली देण्यात आली. (आपल्या माठावरचे ओगराळे याच विचारातले.) त्या घरांतील पाच वर्षांखालील मुलांमध्ये अतिसाराचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले.