‘सुधारणा’ एक, इंग्रजी शब्द अनेक

केंद्र शासनाशी इंग्रजीत पत्रव्यवहार करताना ‘चांगले करणे’ या अर्थाचे अनेक शब्द समोर येतात. ते परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. मोडलेली वस्तू पूर्ववत करणे म्हणजे ‘रिपेअर’. शाळेच्या गळक्या छपरास हाच शब्द योग्य. उणीव दूर करून दर्जा वाढविणे म्हणजे ‘इम्प्रूव्ह’. मुळात असलेल्यात भर घालणे म्हणजे ‘एन्हान्स’. म्हणूनच भूसंपादनातील वाढीव मोबदल्यास ‘एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. मराठीत दुरुस्ती छपराची होते, तशीच घटनेचीही. इंग्रजीत मात्र १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती ही ‘अमेंडमेंट’ होय.

या शब्दभेदात लोकांचे हित गुंतलेले असते. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र अधिनियमाच्या नावातच सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे तीन शब्द आहेत. ‘इम्प्रूव्हमेंट’मध्ये वस्ती जागेवर राहते आणि तिला नळ, गटारे, दिवे मिळतात, ‘क्लिअरन्स’मध्ये घरे पाडली जातात.

म्हणून प्रस्ताव लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावे: वस्तू मोडली आहे, तीत काही उणे आहे, की आहे त्यात भर घालावयाची आहे? उत्तर मिळाले की योग्य शब्दही मिळेल.