सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? आधी मैदान कोणाला मिळाले ते सांगा!

मोरगाव म्हटले की उभ्या महाराष्ट्राला मयुरेश्वराचे देऊळ आठवते. अष्टविनायकाची यात्रा येथूनच सुरू करण्याचा प्रघात असल्याने सुट्टीच्या दिवशी आणि चतुर्थीला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. आम्हाला मात्र मोरगाव आठवते ते कऱ्हेच्या काठच्या ओसाड रानासाठी. तेथे आमच्या वस्तीतील पोरे टेनिसच्या चेंडूवर क्रिकेट खेळतात. खेळपट्टी म्हणजे रोलर न फिरलेली मुरमाड जमीन आणि पॅव्हेलियन म्हणजे एक बाभळीचे झाड! दरवर्षी भीमजयंतीनिमित्त येथे सामने होतात आणि बक्षीस वाटायला कोर्टातून सुटका करून घेऊन आम्ही जातो.

यंदा सामन्यांच्या आठवडाभर आधीच पोरांनी आम्हाला बोलावले. वर्गणीतून सर्वोत्तम खेळाडूसाठी एक चषक करायचा होता आणि त्याला नाव द्यायचे होते. आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू जो असेल त्याचेच नाव द्यायचे, एवढे ठरले होते. पण तो कोण, यावर विहाराच्या ओट्यावर रणकंदन माजले होते.

बहुतेकांचे मत सचिन तेंडुलकर. २०० कसोटी सामने, १०० आंतरराष्ट्रीय शतके, २०१४ साली भारतरत्न, आणि तो सन्मान मिळवणारा पहिला खेळाडू. यापुढे बोलायचे काय? दुसरा म्हणाला, क्रिकेट खेळते किती देश! कुस्तीतले खाशाबा जाधव घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेल्या पैशांवर. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्याने आणले, आणि दुसरे यायला १९९६ साल उजाडले. म्हणजे ४४ वर्षे! खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. तिसऱ्याने मोबाईलवर मुहम्मद अली दाखवला. १९६७ साली व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला म्हणून ज्याचे विजेतेपद काढून घेतले, तो अली. हा पोरगा आमच्या मते निम्म्या वाटेवर पोहोचला होता. खेळाडूची उंची केवळ गुणफलकावर मोजता येत नाही, हे त्याला उमगले होते.

वकिलीची सवय अशी की निकालाआधी आम्ही पुरावा मागतो. आणि सर्वश्रेष्ठ कोण या दाव्यातला पहिला मुद्दा कोणीच काढत नाही. स्पर्धेत उतरू कोणाला दिले होते? ज्या देशात हजारो वर्षे पाणवठा बंद, देऊळ बंद, शाळा बंद, तेथे मैदान तरी कोणासाठी उघडे होते? आकडे खोटे बोलत नाहीत हे खरे, पण ज्याला खेळूच दिले नाही त्याचा आकडा वहीत येणार कोठून?

आम्ही पोरांपुढे नाव ठेवले पालवणकर बाळू यांचे. ओट्यावर शांतता पसरली. एकालाही हे नाव माहीत नव्हते. यात पोरांचा दोष नाही, त्यांच्या पाठ्यपुस्तकात ते आम्हाला तरी कधी दिसले नाही.

बाळू चांभार समाजातले. जन्म १८७६ साली धारवाडचा, वडील लष्करात. वाढले आणि खेळ शिकले ते याच पुणे जिल्ह्यात. कोवळ्या वयात पुण्यातील पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचे, रोलर फिरवायचे, अधूनमधून सरावाला चेंडू टाकायचा. पुढे इंग्रजांच्या पूना जिमखान्यात चार रुपये पगार. तेथे ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज या पोराच्या डावखुऱ्या फिरकीवर रोज सराव करी आणि बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकले, पण बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची! आपल्याकडे कामाची वाटणी कशी झाली हे ज्यांना ग्रंथ वाचून कळत नाही, त्यांनी पूना जिमखान्याची ही जाळी डोळ्यांपुढे आणावी.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते. गोलंदाज डोळ्यांसमोर होता, पण जात आडवी आली. क्लबातले तेलुगू भाषक खेळाडू बाळूंना घ्यायला तयार, मराठी ब्राह्मण खेळाडूंचा विरोध. अखेर घेतले. का घेतले? समतेचा साक्षात्कार झाला म्हणून नव्हे, जिंकायचे होते म्हणून! मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावीत. चहाच्या सुट्टीत मात्र इतरांना आत चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाची पंगत वेगळी. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. या धर्मशास्त्राचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले, रेल्वेत नोकरीला लागले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, निम्म्याहून अधिक सामने गमावले. पण ३५ वर्षांच्या बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांहून कमी. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणून कसोटीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे काहीच नाही, आणि रकाना रिकामा म्हणून चर्चेत नावही नाही.

आणि कर्णधारपद? सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी असूनही हिंदू संघाची धुरा बाळूंकडे सोपवली गेली नाही. १९२० साली पुण्यातील सामन्यांवेळी तर त्यांना संघातूनच वगळले आणि कर्णधार निवडतानाही पालवणकरांना डावलले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीरपणे संघातून अंग काढून घेतले. महाडच्या चवदार तळ्याच्या सात वर्षे आधीची ही घटना आहे, बांधवांनो! खेळाच्या मैदानातला हा सत्याग्रहच नव्हे काय? गवगवा झाल्यावर बाळूंना उपकर्णधार केले गेले. पुढे १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवले. भावाने मागितलेला हक्क भावाला मिळाला, स्वतःला मिळाला नाही.

पोरांना एक परदेशी दाखलाही दिला, तो आम्हा वकिलांच्या फार आवडीचा. अमेरिकेतील मूलनिवासी समाजाचा जिम थॉर्प. बाळूंच्या दौऱ्यानंतर वर्षभराने, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली. तू जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू आहेस, असे स्वीडनचा राजा त्याला म्हणाल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण पूर्वी किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता म्हणून १९१३ साली पदके काढून घेतली. नियमाप्रमाणे हरकत ३० दिवसांत घ्यायची होती, ती आली कित्येक महिन्यांनी. आमच्या भाषेत अर्ज मुदतबाह्य! तरी तो मंजूर झाला, कारण समोरचा पक्षकार दुबळा होता. थॉर्प १९५३ साली वारला. १९८२ साली त्याला संयुक्त विजेता ठरवले गेले आणि एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ साल यावे लागले. म्हणजे ११० वर्षांनी का होईना, तेथे नोंद दुरुस्त झाली. आपल्याकडे नोंद दुरुस्त करा असा अर्ज तरी कोणी केला?

पोरांना पटले. चषकाला पालवणकर बाळूंचे नाव द्यायचे ठरत आले आणि तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले तात्या उठले. वय ऐंशीच्या पुढे, चळवळीत हयात गेलेली. म्हणाले, "वकीलसाहेब, अर्धीच गोष्ट सांगताय. हा बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता. त्याचं नाव आपल्या चषकाला? तेही भीमजयंतीला?"

तात्यांचे म्हणणे खोटे नाही आणि ते लपवण्याचा आमचाही इरादा नव्हता. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू एम. सी. राजांच्या बाजूने, म्हणजे बाबासाहेबांच्या विरुद्ध गेले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले, आणि हरले ते फार चांगले झाले. आमच्या मते बाळूंची राजकीय भूमिका चुकीची होती. ज्यांनी त्यांना मातीच्या भांड्यात चहा पाजला त्यांच्याच हृदयपरिवर्तनावर त्यांनी विसंबून राहावे, याचे आम्हाला आजही दुःख होते. प्रस्थापितांनी आमचाच माणूस आमच्याविरुद्ध वापरण्याची ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटची तर नव्हतीच!

पण दुसरी बाजूही नोंदीवर आणली पाहिजे. हेच बाळू तरुण भीमरावांच्या कौतुकाचा विषय होते. त्यांच्या सत्काराच्या सभा भरविण्यात, त्यांना मुंबई महापालिकेवर घ्यावे म्हणून प्रयत्न करण्यात बाबासाहेबांचा पुढाकार होता. अस्पृश्याचा मुलगा संधी मिळताच साहेबाची यष्टी उडवू शकतो, हा जिवंत पुरावा बाबासाहेबांना मोलाचा वाटला असणार. पुढे मार्ग वेगळे झाले म्हणून आधीचा पुरावा रद्द होतो काय? राजकारणात बाळू प्रतिवादी होते, मैदानात ते आपले सर्वांत भक्कम साक्षीदार आहेत. एकाच माणसाची साक्ष एका मुद्द्यावर नाकारून दुसऱ्या मुद्द्यावर स्वीकारता येते, कोर्टात हे रोज घडते.

आणि एक कटू प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला, तो येथे लिहितो. बाळू आपल्या विस्मरणात गेले ते केवळ १९३७ मुळे, की ते चांभार समाजाचे म्हणूनही? चर्मकार बांधवांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर नाही म्हणून आपण तक्रार करतो. आपल्या विहारात त्यांच्या किती माणसांच्या तसबिरी आहेत?

यावर तात्या बराच वेळ बोलले नाहीत. ओट्यावरून पोरे उठून जायला लागली तेव्हा म्हणाले, "माझा बाप त्या वेळी परळला गिरणीत होता. त्याला मताचा हक्क नव्हता, पण बाबासाहेबांच्या प्रचाराला रात्र-रात्र फिरला. बाळूच्या नावानं शिव्या घातल्या त्यानं. आणि मी लहान असताना त्याच बापानं मला बाळूचा चेंडू कसा वळायचा ते लिंबू हातात घेऊन दाखवलं होतं." मग काठी उचलत म्हणाले, "घाला नाव. पण पोरांना सदतीस सालचंही सांगा."

जयंतीच्या आदल्या दिवशी चषक बारामतीहून आला. दुकानदाराने 'पालवनकर' कोरले होते. पोरांनी त्याच मोटारसायकलवरून तो परत नेला आणि रात्री उशिरा 'ण' करून आणला.