सवाल टाकणारा वक्ता

भंडारा जिल्ह्यात खडीगंमत ही लोककला रंगते ती सवाल-जवाबांवर. एका शाहिराने सवाल टाकला की दुसऱ्याने जवाब द्यायचा. तोवर समोरचा शेतकरीही मनात उत्तर जुळवू लागतो. ऐकणाऱ्याला कामाला लावणं, प्रभावी भाषणाचं मर्म इथेच आहे.

विदर्भातल्याच गाडगेबाबांनी (1876-1956) ही रीत समाजसुधारणेसाठी वापरली. गावात शिरताच ते हाती खराटा घेत, गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. म्हणजे स्वच्छतेचा मुद्दा बोलण्याआधीच लोकांनी पाहिलेला असे! मग साध्या वऱ्हाडी बोलीत छोटे छोटे प्रश्न. कर्ज काढून सण का करायचा? नवसाला बोकड का कापायचा? लोक उत्तर देत, बाबा त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत. चार-सहा प्रश्नांत श्रोता स्वतःच निष्कर्षाशी पोहोचे, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष सहसा विसरला जात नाही.

आज अनेक सभांत वक्ता कागदावर मान घालून वाचतो, श्रोते मोबाइल पाहतात. अशा वक्त्यांनी बाबांचं शेवटचं कीर्तन जरूर ऐकावं. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेल्या या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.