कॅमेरा पाठीवर, भार कमरेवर

आता काही बचत गटांकडे स्वतःचा कॅमेरा आहे. कुणी जुनं बियाणं जपणाऱ्या आजींचं बोलणं टिपून ठेवतं, कुणी गडावर येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला फोटो काढतं. तेलंगणात पस्तापूरकडच्या शेतकरी बाया तर कितीतरी वर्षं स्वतः फिल्म करतात. कॅमेरा घेताना आपण दहा जणींना विचारतो. तो डोंगरावर न्यायला मात्र पोराचं शाळेचं दप्तर उचलतो, नाहीतर एका खांद्याची पिशवी. मग गटाच्या पैशाचा कॅमेरा आपटतो, आणि पाठ धरते ती वेगळीच.

एका खांद्याची पिशवी चढावर नकोच. कळसूबाईचं उदाहरण घ्या. १६४६ मीटर उंच, आणि वाटेत लोखंडी शिड्या. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पुढे झुलली की आपला तोल गेलाच म्हणून समजा.

सॅक घेताना आधी कप्पे बघू नका, आपली पाठ बघा. ओझं खांद्यांनी नाही, कमरेच्या हाडांनी उचलायचं असतं. म्हणून सॅकला रुंद, गादीचा कमरपट्टा हवा. नुसती अरुंद नाडी असेल तर तिने सॅक हलायची थांबते, भार काही कमी होत नाही.

माप शिवणकामाच्या टेपनेच घ्या. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येतं. तिथून टेप धरा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. पुष्कळ सॅक पुरुषांच्या लांब पाठीच्या मापाने केलेल्या असतात. बुटक्या बाईने ती घातली की पट्टा घसरून मांड्यांवर येतो आणि सगळं ओझं पुन्हा खांद्यांवर. पाठीची लांबी कमी-जास्त करता येईल अशी सॅक मिळाली तर उत्तम, गटात ती आळीपाळीने वापरता येते.

दुकानात जाताना चार-पाच किलो तांदूळ बरोबर न्या. हसू नका! रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. तांदूळ आत घाला, आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे. दहा मिनिटं चाला. खांद्याखाली बोट सहज सरकतंय का बघा. छातीवरचा पट्टा वरखाली होणारा हवा, म्हणजे तो छातीवर दाबत नाही. साडी नेसत असाल तर साडीवरच घालून बघा, निऱ्यांच्या गोळ्यावर बक्कल आलं तर तासाभरात पोटाला रुततं.

खास कॅमेऱ्याची सॅक महाग असते, आणि आत काय आहे ते चोरालाही सांगते. माझं मत विचाराल तर २५-३० लिटरची साधी ट्रेकिंगची सॅक घ्या आणि आतला गादीचा खण गटातच शिवा. ट्रेकला अंथरतात ती फोमची चटई कापून, वर जुनं सुती कापड. गादीचा स्पंज नको, तो पाणी पितो. कॅमेरा पाठीला चिकटून, मध्यावर ठेवा. डोक्यावरचा हंडा अंगाच्या रेषेत असतो म्हणून पेलतो, तसंच हे. भार मागे लोंबला की आपल्याला पुढे वाकावं लागतं. तिपाई बाहेर एका बाजूला लटकवू नका, करवंदीच्या जाळीत अडकते.

दिवसभराच्या चालीला आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको. ४५ किलोच्या बाईला साडेचार किलो. दोन लिटर पाण्याचेच दोन किलो होतात! तेव्हा कॅमेरा एकीकडे, तिपाई दुसरीकडे, पाणी ज्याचं त्याने. गरोदर असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, तिच्या पाठीवर हे ओझं देऊ नका. लाजेने ती बोलणार नाही, तेव्हा तुम्हीच समजून घ्या. तिला बोलकं करायचं, प्रश्न विचारायचं काम द्या. त्रासासाठी मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता पाऊस. सॅकवरचं पावसाळी कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं, आणि पाणी नेमकं पाठीवरून ओघळतं. म्हणून कॅमेरा आत जाड प्लास्टिकच्या पिशवीतही बांधा. घरी आल्यावर तो सॅकमध्ये ठेवून देऊ नका. ओल राहिली की काचेवर बुरशी धरते, आणि ती काढणं खर्चाचं काम. कोरड्या कापडाने पुसा, वाऱ्यावर वाळू द्या, मग घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड फटींत जाते. सॅक उलटी करून, सगळ्या चेन उघडून दोरीवर टाका.