प्रेषकाची पत

वैशाखात रत्नागिरीच्या आंबापेट्या वाशीच्या बाजारात उतरतात, तेव्हा तेथला दलाल प्रत्येक फळ चाखीत बसत नाही. पेटीवरचे बागायतदाराचे नाव पाहतो, गेल्या हंगामात त्याच्या पेटीच्या तळाशी काय निघाले ते आठवतो, आणि भाव बोलतो. ई-मेलच्या टपालातील केरकचरा वेगळा काढण्याची आजची रीत याहून फारशी निराळी नाही.

हा कचरा जुनाच आहे. 1978 च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील सुमारे 400 जणांना धाडली. अनाहूत पत्रांचा उगम तेथे मानतात. पुढे मजकुरातील शब्दांवरून अशी पत्रे हुडकण्याचे यत्न झाले. पण पाठविणारे वस्ताद! अक्षरे फिरवून ते निसटू लागले.

तेव्हा दारातच विचारावे, आपण कोण? आता पत्रावर प्रेषकाचे नाव कोणीही काहीही लिहील. परंतु पत्र घेऊन येणाऱ्या यंत्राचा इंटरनेटवरील क्रमांक सहसा खोटा देता येत नाही. दोन यंत्रांत सवालजवाब व्हावे लागतात, आणि क्रमांक खोटा असला तर जबाब भलत्याच्याच घरी जातो. 1997 मध्ये पॉल व्हिक्सी यांनी अशा बदनाम क्रमांकांची यादी चालू केली. 1998 मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था काढली. टपाल घेणारे यंत्र अशा यादीला क्रमांक विचारते, आणि तो तीत सापडला की पत्र न घेताच नकार देते.

गोम पुढेच आहे. समजा, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखानदाराने दरपत्रक धाडले. त्याचे टपाल ज्या भाड्याच्या यंत्रातून जाते, त्यातूनच इतर शेकडोंचेही जाते. क्रमांक सर्वांचा एकच. त्यांतल्या एकाने रातोरात लाखभर जाहिराती सोडल्या, की क्रमांक बदनाम. दरपत्रक परत येते, काम दुसऱ्याला मिळते. आपल्या कोकणातली म्हणच आहे, करून गेला गाव आणि कांदळगावाचे नाव!

यास्तव पत क्रमांकाबरोबर नावालाही जोडू लागले. आपले टपाल कोणत्या यंत्रांतून निघेल हे कारखान्याने आधी जाहीर करावयाचे, ते एसपीएफ. आणि प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उमटवावयाची, ते डीकेआयएम. फेब्रुवारी 2024 पासून, जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस गूगलने दोन्ही सक्तीची केली, आणि वाचकांच्या तक्रारी हजारी तिनांच्या आत राखण्यास बजावले. मात्र मोहोर नाव खरे असल्याचे सांगते, आंबा गोड असल्याचे नव्हे. लबाडालाही स्वतःच्या नावाची मोहोर करता येते. उलट नव्या, सचोटीच्या माणसाची पत कोरीच असते. त्याने आरंभी थोडी पत्रे धाडून हळूहळू वाढवावी, हेच बरे.

ही पत शेवटी तुम्हीआम्हीच ठरवितो. स्वतः मागविलेल्या पत्रांचा कंटाळा आला म्हणून पुष्कळजण त्यांवर ‘स्पॅम’ची कळ दाबतात, आम्हांला हा अन्याय वाटतो. ती पत्रे बंद करण्याची सोय बहुधा पत्राच्या तळाशीच असते. आणि ओळखीच्या कारखानदाराचे दरपत्रक स्पॅमच्या कप्प्यात आढळले, तर ‘हे स्पॅम नव्हे’ ही कळ अवश्य दाबावी. ती त्याच्या खात्यावर जमा होते.