वाळूखालची ‘बॅब्स’

३ मार्च १९२७. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची पेंडाईनची सुमारे ११ किलोमीटर लांबीची पुळण ओहोटीने मोकळी झाली होती. विमानाचे २७ लिटरचे इंजिन पोटात घेऊन ‘बॅब्स’ नावाची गाडी त्या ओल्या वाळूवरून सुसाटली. चालक होता जे. जी. पॅरी-थॉमस. हातचा गेलेला विक्रम त्याला परत मिळवायचा होता. पण वेग टिपेला पोहोचत असतानाच गाडी भरकटली, घसरली आणि उलटली. थॉमस जागीच ठार झाला. जमिनीवरील वेगाच्या विक्रमासाठी झुंजताना प्राण गमावलेला तो पहिला चालक. वय अवघे ४२.

थॉमस हा निव्वळ धाडसी वीर नव्हता, हे इथे ठासून सांगायला हवे. तो हाडाचा अभियंता होता. लेलँड मोटर्सचा मुख्य अभियंता म्हणून त्याने ‘लेलँड एट’ ही त्या काळातली अत्यंत प्रगत मोटार घडवली होती. पुढे नोकरी सोडून त्याने ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीजवळच मुक्काम ठोकला. काउंट लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य शर्यतवीराचा १९२४ मध्ये मॉन्झाच्या शर्यतीत अंत झाला, तेव्हा त्याची ‘हायम स्पेशल’ ही राक्षसी गाडी मागे उरली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी बनलेले अमेरिकन ‘लिबर्टी’ इंजिन तिच्यात बसवलेले होते. ती थॉमसने १२५ पौंडांना घेतली. स्वतः आखलेले पिस्टन आणि चार कार्बोरेटर बसवून त्याने तिचे रूपच पालटले आणि नाव ठेवले ‘बॅब्स’. एप्रिल १९२६ मध्ये, याच पेंडाईनच्या वाळूवर, बॅब्सने ताशी १७१ मैलांचा, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला.

तो वर्षभरही टिकला नाही. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी माल्कम कॅम्पबेलने त्याच पुळणीवर ताशी १७४ मैलांचा पल्ला ओलांडला. थॉमस महिन्याभरात पेंडाईनला परतला, तो शेवटचाच.

धन्याचा बळी घेणाऱ्या गाडीचे काय करायचे? लोकांनी तिला तिथल्याच वाळूत पुरून टाकले. थॉमसचा देह इंग्लंडमध्ये बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात विसावला, बॅब्स वेल्समध्ये. अपघाताचा दोष चाकांना गती देणाऱ्या साखळीच्या माथी आला. ती तुटली आणि तिनेच थॉमसचा घात केला, ही हकिगत सर्वत्र पसरली आणि दशकानुदशके खरी मानली गेली.

वर भरती-ओहोटी चालू राहिली. महायुद्ध आले, गेले. पुरलेल्या जागेभोवती संरक्षण खात्याचे चाचणी क्षेत्र उभे राहिले आणि सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकणेही मुश्कील झाले.

अशा वेळी उत्तर वेल्सच्या डोंगरात, कापेल किरिग गावी राहणाऱ्या एका माणसाला बॅब्सने झपाटले. ओवेन विन ओवेन हा बँगोरच्या तांत्रिक महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकवायचा. जी गाडी लोकांनी मृत्यूची खूण म्हणून जमिनीत गाडली, तिच्यात त्याला एका थोर अभियंत्याचे हरवलेले हस्ताक्षर दिसत होते. ते वाचायचे तर गाडी बाहेर यायला हवी होती. पण एका मृत माणसाच्या स्मृतीशी जोडलेली जागा उकरणे योग्य ठरेल का? हा प्रश्न हलका नव्हता. ओवेनने घाई केली नाही. संरक्षण खात्याचे दरवाजे ठोठावले, थॉमसच्या आप्तांची संमती मिळवली आणि मगच १९६९ मध्ये खोदकाम सुरू झाले.

वाळूचे थर बाजूला सरू लागले. खाऱ्या वाळूत लोखंड किती काळ तग धरणार? खाली हाती काय लागणार, गाडी की नुसता गंजाचा चुरा? आणि मग वाळूतून धातूची आकृती डोकावली. ४२ वर्षांनी बॅब्सला पुन्हा सूर्य दिसला!

दर्शन मात्र विदारक होते. मिठाने बाह्यांग खाऊन टाकले होते. लांबरुंद, डौलदार कवचाच्या जागी तुकडे उरले होते. दुसऱ्या कुणीही हा ढीग संग्रहालयाच्या कोपऱ्यात ठेवून हात झटकले असते. ओवेनने भाग सुटे करायला घेतले तेव्हा त्याला खरा शोध लागला. यंत्राचे आतले बरेचसे अवयव शाबूत होते. गंजाच्या सालीखाली थॉमसची कारागिरी जिवंत होती.

तिथून दीड दशकाची तपश्चर्या सुरू झाली. एकेक भाग सोडवायचा, घासायचा, जोखायचा. वाचणार असेल तर वाचवायचा, नाहीतर नव्याने घडवायचा किंवा त्याच जातीच्या इंजिनांतून शोधून आणायचा. कवच पुन्हा उभे करायचे. शिक्षकाची मिळकत ती केवढी, आणि यंत्र केवढे! आणि अखेर त्याच्या चिकाटीपुढे गंज हरला. लिबर्टीचे बारा सिलिंडर धडाडले, आणि पुरलेली बॅब्स स्वतःच्या बळावर धावू लागली.

ती बाहेर आल्यामुळे साखळीवरचा जुना आरोपही पुन्हा तपासता आला. मागच्या उजव्या चाकाने आधी दगा दिला असावा, हा तर्क पुढे आला आणि साखळीच्या हकिगतीला तडा गेला. मला हा तर्क पटण्याजोगा वाटतो. थॉमसच्या मृत्यूनंतर महिना उलटण्याआत, २९ मार्चला, हेन्री सीग्रेव्हने अमेरिकेतल्या डेटोना किनाऱ्यावर ताशी २०३ मैलांचा विक्रम केला, तोही साखळीवर चालणाऱ्या सनबीम गाडीतून. साखळी हीच मृत्यूची दूती असती, तर त्या वेगाला तिने सीग्रेव्हलाही सोडले नसते.

ओवेन २०१२ मध्ये गेला. पेंडाईनमध्ये २०२३ साली वेगविक्रमांचे नवे संग्रहालय उभे राहिले, ते जिथे बॅब्सने विक्रम केला आणि जिथे ती पुरली गेली, त्याच पुळणीच्या काठी. तिथल्या कथांची नायिका बॅब्सच आहे.